संडासाचं भूमिपूजन

आधी एक गोष्ट क्लिअर करू. श्रीनाथला राजकारणात यायचंच नव्हतं. तो आला, कारण यादीत एक नाव कमी पडत होतं.

कार्ल्सरूहेहून ट्रॅम पकडून अगदी शेवटच्या स्टॉपला उतरलं की क्विटनहाइम लागतं. एक चौक, एक चर्च, एक बेकरी, आणि उरलेलं सगळं सफरचंदाची झाडं. तिथल्या सायकलवाल्यांच्या गटाला नगरपरिषदेच्या निवडणुकीसाठी एक माणूस हवा होता. श्रीनाथकडे सायकल होती आणि नवाकोरा जर्मन पासपोर्ट होता. "तू काही निवडून येणार नाहीस, फक्त नाव दे," असं म्हणून त्यांनी नाव घेतलं, आणि क्विटनहाइमकरांनी त्याला धाडकन निवडून दिलं. का, तर म्हणे मतपत्रिकेवर एवढंच एक नाव नवीन होतं, बाकीच्यांना ते शाळेपासून ओळखत होते.

इकडे पुण्यात त्याच्या सासऱ्यांनी, राजाभाऊंनी, सोसायटीभर पेढे वाटले. जावई नगरसेवक झाले! आता पुण्यात नगरसेवक म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं, तुम्हीच सांगा. कोणी विचारलं, गाडी कुठली घेतली? कोणी विचारलं, गळ्यातली चेन किती तोळ्यांची? एका उत्साही भाच्याने तर फ्लेक्सच बनवून पाठवला. श्रीनाथला गॉगल, मागे वाघ, आणि खाली 'क्विटनहाइमचा ढाण्या वाघ'. आणि हा ढाण्या वाघ प्रत्यक्षात काय करत होता? दर गुरुवारी संध्याकाळी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, बुडबुड्यांचं पाणी पीत, कचऱ्याच्या डब्यांच्या झाकणांवर चर्चा ऐकत होता.

तर संडास.

श्रीनाथच्या खालच्या मजल्यावर फ्राऊ त्सिमरमान राहतात. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, हातात काठी, जिभेला धार. उर्जा, म्हणजे श्रीनाथची मुलगी, तापाने फणफणली होती आणि त्याची बायको शुभा लुडविग्सहाफेनला लॅबमध्ये अडकली होती, तेव्हा ह्याच बाईंनी तिला मांडीवर घेऊन बसवलं होतं. दर शनिवारी चौकात बाजार भरतो आणि फ्राऊ त्सिमरमान गेली चाळीसेक वर्षं तिथे न चुकता जायच्या. बटाटे कमी, गप्पा जास्त. एकदम जायच्या बंद झाल्या. श्रीनाथ आपला दर शनिवारी, "काही आणू का?" आणि त्या "बटाटे". शेवटी एक दिवस शुभाला हळूच म्हणाल्या, "मुली, तिथे जायला जागा नाही गं."

जागा नाही म्हणजे कळलं ना? अख्ख्या चौकात एकच संडास, तो हेर क्नापच्या, म्हणजे क्नापसाहेबांच्या, बेकरीत. आणि क्नापने त्याची किल्ली बांधली होती एका भल्यामोठ्या लाटण्याला. हरवू नये म्हणून! म्हणजे तुम्ही ते लाटणं घेऊन निघालात की आख्ख्या बाजाराला कळणार, स्वारी कुठे चाललीय. त्यात क्नाप काउंटरवरून ओरडून विचारणार, "आणि घेणार काय?" ऐंशीच्या बाईने हातात काठी धरायची, लाटणं धरायचं, की ब्रेड धरायचा?

श्रीनाथ त्या गुरुवारी मीटिंगमध्ये आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलला. "मग बांधूया ना एक."

बास. एवढंच बोलला तो. त्या एका वाक्याने त्याची तीन वर्षं खाल्ली.

क्नाप स्वतःच नगरपरिषदेत. तो म्हणाला, चौकाचं सौंदर्य! दुसरा म्हणाला, तरुण पोरं आत बसून सिगारेटी ओढतील. तिसरा म्हणाला, आज संडास मागतायत, उद्या काय मागतील? शेवटी कोणाचंच एकमत होईना म्हणून ब्युर्गरएन्टशाइड ठरला, म्हणजे गावानेच मत देऊन निकाल लावायचा. अरे, काय प्रचार झाला! अर्ध्या खिडक्यांत 'हो', अर्ध्या खिडक्यांत 'नको'. नवरा 'हो' आणि बायको 'नको' अशी एक खिडकी होती, तिथे दोन्ही पोस्टरं लागलेली. निकाल लागला, 'हो' निसटत्या मताधिक्याने जिंकलं, आणि परिषदेने बांधकामावर देखरेख ठेवायला एक समिती नेमली. अध्यक्ष कोण? ज्याने तोंड उघडलं तो.

आता ह्यातली ग्यानबाची मेख ऐका, कारण सगळी धावपळ तिच्यामुळेच आहे. गावाने दिलेल्या निकालाला नगरपरिषद तीन वर्षं हात लावू शकत नाही. तीन वर्षं उलटली की लावू शकते. आणि क्नापने डोकी मोजून ठेवली होती. तोपर्यंत पायाचं काँक्रीट पडलं नसलं, तर पहिल्याच मीटिंगला हात वर आणि संडास खलास.

तुम्ही म्हणाल, तीन वर्षं म्हणजे काय कमी आहेत? एक संडास तर बांधायचाय! मित्रांनो, हात वाळवायच्या मशीनचा आवाज शेजाऱ्यांना किती येईल, याचा तज्ज्ञांचा अहवाल यायलाच आठ महिने लागले. मग चिमण्यांनी घरटी करायची कुठे, हा प्रश्न आला. मग छतावर गवत लावायचं की फुलं. मग जागेवर सापडले सरडे. साधे नव्हेत, संरक्षित सरडे. त्यांच्यासाठी पलीकडे दगडांचा छान ढीग रचला, ऊन येईल असा, सावली मिळेल असा. आपल्याकडे धरणाखाली गावं गेली त्या माणसांना असं पुनर्वसन मिळालं असतं तर! आणि एवढं करूनही सरडे जाईनात. मग सरड्यांना त्रास नको म्हणून ड्रेनेजच्या चराची जागाच बदलली. पूर्वेकडून उचलून थेट आग्नेय कोपऱ्यात. त्या बदलावर सही श्रीनाथनेच केली. दिवसभरात इतक्या सह्या केल्या होत्या त्याने की कशावर केली हे बिचाऱ्याच्या लक्षातही राहिलं नाही. हे तुम्ही मात्र लक्षात ठेवा.

आणि सल्ले! जो भेटेल तो सल्ला द्यायचा. ट्रॅममध्ये, डेंटिस्टकडे, बर्थडे पार्टीत. दार आत उघडणार की बाहेर? गरम पाणी असणार का? एकाने तर त्याला सायकलवरून उतरवून, हात टेकायची पट्टी किती उंचीवर हवी ते स्वतः बसून दाखवलं. रस्त्याच्या मधोमध. शाळेत पोरं उर्जाला चिडवायला लागली. ती एकदा जेवताना गंभीर चेहरा करून जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, तू दुसरं काही बांधू शकत नाहीस का? पूल वगैरे?" डॉक्टरेट आहे हो त्याच्याकडे, मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. गिळला त्याने घास.

फक्त फ्राऊ त्सिमरमान काही सल्ला द्यायच्या नाहीत. जिन्यात भेटल्या की एवढंच विचारायच्या, "काय हो, झाला का?" आणि हा म्हणायचा, "होतोय, होतोय."

मुदत संपायला महिना उरला होता. ठेकेदार मिळाला, जमीन मोकळी झाली, सरडे मार्गी लागले. आणि नेमके तेव्हाच पुण्याहून राजाभाऊ आणि शोभनाताई लेकीकडे राहायला आले.

राजाभाऊ म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्यातून रिटायर झालेले उपअभियंता. त्यांना युरोपमध्ये काय बघायचंय असं विचारलं तर ते म्हणाले, "साइट." किल्ले नको, राजवाडे नको. रोज सकाळी नाश्ता झाला की मफलर गुंडाळून चौकात. कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभे. "श्रीनाथराव, ह्यांची खडी एकदम फर्स्ट क्लास आहे हो. पण सुपरव्हिजन नाही."

मग आला श्पाटनश्टिश. म्हणजे काम सुरू करायचा समारंभ. महापौरबाई फ्राऊ हुमेल, श्रीनाथ आणि आणखी चार जण, डोक्यावर पांढरी हेल्मेटं, हातात चकचकीत फावडी. समोर वाळूचा एक छोटासा ढीग. एक, दोन, तीन म्हटल्यावर सगळ्यांनी थोडी थोडी वाळू उडवली, फोटो काढला, संपलं. राजाभाऊ चक्रावले.

"ही वाळू कुठली?"

"ट्रकमधून आणलीये, बाबा. समारंभासाठी."

"म्हणजे जमिनीला फावडं लागलंच नाही?"

"नाही. ते प्रतीकात्मक असतं."

"नारळ?"

"नाही."

"पूजा?"

"बाबा, संडास आहे तो."

"श्रीनाथराव," राजाभाऊ एकदम सरकारी आवाजात म्हणाले, "छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पाणपोईसुद्धा भूमिपूजनाशिवाय बांधली नाही. एकदाच एका साहेबाने ऐकलं नाही. तो पूल आजही अर्धाच आहे. तुमचे ते सरडे, ते अहवाल, ही सगळी विघ्नं येतायत कुठून, असं वाटतं तुम्हाला?"

घरी येऊन विषय निघाला तर शोभनाताई कडाडल्या. "अहो, काहीतरीच काय! पायात चांदीचा नाग पुरतात. संडासाखाली पुरणार तुम्ही त्याला? त्या नागाने काय पाप केलंय?"

"शेषाच्या मस्तकावर सगळीच पृथ्वी असते," राजाभाऊ म्हणाले. "त्यात संडास नसतात का?"

शुभाने स्पष्ट सांगितलं, "बाबा, हे नगरपालिकेचं काम आहे. मी येणार नाही आणि श्रीसुद्धा येणार नाही. हो ना रे, श्री?" श्री "हो" म्हणाला. अगदी ठामपणे म्हणाला. हा माणूस महापौरांना नाही म्हणू शकतो, बॉसला नाही म्हणू शकतो. पण रविवारी पहाटे सासरे धोतर नेसून, वरून जॅकेट चढवून पलंगाशी उभे राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, कुंपणाची किल्ली तुमच्याकडे असते ना? तुम्ही नुसता हात लावा," तेव्हा जावई काय म्हणणार? उठला.

चौकात चिटपाखरू नव्हतं. जर्मनीतला रविवार, अहो, त्या दिवशी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी पोलिसांना फोन करतात. राजाभाऊंनी खिशातून होकायंत्र काढलं. आग्नेय कोपरा! "बाबा, तिथे नको..." श्रीनाथ म्हणाला, मग नकाशा डोळ्यांसमोर आणला, जुना नकाशा, चर पूर्वेला असलेला, आणि म्हणाला, "बरं, तिथेच चालेल. तिथे कोणी खणणार नाहीये."

यजमान म्हटल्यावर शेजारी बायको हवी. बायको घरी झोपलेली. राजाभाऊंनी शांतपणे एक सुपारी काढून श्रीनाथच्या उजव्या हाताला पानावर ठेवली. "ही शुभा." मग पिशवीतून लाल फडक्यात गुंडाळलेला तांब्याचा तांब्या निघाला. आत तांदूळ, हळकुंड, नाणं आणि चांदीचा इवलासा नाग. नाग त्यांनी पुण्याहूनच आणला होता. म्हणे, लेकीने घर-बिर घेतलं तर असावा. खड्डा चांगला कमरेएवढा खणला. राजाभाऊंचं तत्त्व होतं, काम करायचं तर स्पेसिफिकेशनप्रमाणे. आणि शेवटी श्रीनाथ "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी नारळ फोडला.

ठाक्!

बेकरीच्या वरची खिडकी उघडली. श्रीनाथ सासऱ्यांना घेऊन खडीच्या ढिगामागे आडवा झाला. नगरसेवक, समितीचे अध्यक्ष, डॉक्टर ऑफ इंजिनिअरिंग, तोंडात खोबरं. कारण प्रसाद टाकायचा नसतो.

सोमवारी जेसीबी आला. सरळ आग्नेय कोपऱ्यात गेला. सरड्यांमुळे, सहीमुळे, आठवलं ना? दुसऱ्याच फटक्याला मातीतून काहीतरी तांबूस डोकावलं आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कारण ह्या भागात जिथे खणावं तिथे रोमन निघतात, आणि काही निघालं की काम थांबवायचं हा कायदाच आहे. तासाभरात उत्खनन खात्याच्या फ्राऊ डॉक्टर वेंट हजर. त्यांनी गुडघ्यांवर बसून ब्रशने थोडी माती झटकली. फडक्याचा एक कोपरा सरकला, तांब्याचा काठ दिसला, आणि शेजारी, तांदूळ घालताना बाहेर राहिलेली, नागाची शेपूट.

"साप," त्या पुटपुटल्या. "भांडं आणि साप." डोळ्यांत पाणी आलं हो बाईंच्या. रोमन सैनिकांच्या कुठल्याशा गुप्त पंथात सापाची भांडी असायची म्हणे. बाईंनी तांब्या उघडलाच नाही. चारी बाजूंच्या मातीसकट अख्खा ठोकळा उचलला, प्लास्टरमध्ये बसवला आणि प्रयोगशाळेत नेला. सावकाश, थर थर करून उघडणार. किती सावकाश? "दोन-तीन महिने." तोपर्यंत साइट सील.

श्रीनाथने संध्याकाळी घरी येऊन सगळं सांगितलं. म्हणजे शुभाला. शोभनाताईंना काहीच माहीत नव्हतं, त्यांना दोघांनी मॉर्निंग वॉकचं सांगितलं होतं.

शुभा आधी हसली, मग भडकली, मग पुन्हा हसली. "मी तिथे सुपारी होते?"

"शुभा, मुदत संपतेय."

"मग सांग ना त्यांना जाऊन!"

त्याने केला हो फोन. आईशप्पथ केला. पण फ्राऊ डॉक्टर वेंट दमल्या होत्या. "हेर डॉक्टर, सकाळपासून तुम्ही चौथे. एकाचा तो आजोबांचा वाइनचा घडा आहे, एकाची क्लबची ट्रॉफी आहे. गुरुवारी परिषदेत मी सगळं सादर करणार आहे, तेव्हा बोलू." ठक्. फोन बंद.

तीन दिवसांत गाव पागल झालं. क्नापने सापाच्या आकाराचा ब्रेड काढला, डोळ्यांच्या जागी मनुका. वर दाढी कुरवाळत म्हणतो कसा, "आल्झो, म्हणजे बघा, इतक्या पवित्र जागी संडास? छे! इथे तर म्युझियम हवं." आणि राजाभाऊ? त्यांना जरासुद्धा अपराधी वाटत नव्हतं. "बघा श्रीनाथराव, जेसीबीच्या फटक्याने तांब्या हलला नाही. माती अशी ठोकून बसवली होती. कॉम्पॅक्शन!"

बुधवारी जिन्यात फ्राऊ त्सिमरमान भेटल्या. ह्या वेळी त्यांनी "झाला का" विचारलंच नाही. पेपर वाचला होता त्यांनी. म्हणाल्या, "जाऊ दे हो. रोमन लोक आधी आले होते." आणि हळूहळू काठी टेकत आत गेल्या. श्रीनाथ रात्रभर तळमळला. ठरवलं, उद्या सगळ्यांसमोर सांगायचं. इज्जत गेली तर गेली.

गुरुवारी सभागृह खच्चून भरलेलं. लोकांच्या बाकांवर शुभा, राजाभाऊ आणि शोभनाताई. शोभनाताईंना वाटत होतं, जावयाचं कौतुक बघायला आणलंय. श्रीनाथ हात वर करणार, तेवढ्यात दिवे मंद झाले आणि फ्राऊ डॉक्टर वेंट उभ्या राहिल्या.

"आज सकाळी कापडाखाली आम्हाला लेख सापडला," त्या म्हणाल्या. "ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेला. रोमन सैनिक आपली भांडी ओळखू यावीत म्हणून अशीच नावं कोरायचे. पण ही लिपी लॅटिन नाही. अक्षरांच्या डोक्यावर सलग रेघ आहे. आम्हाला वाटतं, पूर्वेकडच्या कुठल्यातरी प्रांतातून आलेला एखादा सैनिक..."

आणि भिंतीवर, भल्यामोठ्या पडद्यावर, फोटो आला.

तांब्यावर नाव आहे हे श्रीनाथलाही माहीत नव्हतं. आणि मागून खणखणीत आवाज आला.

"अगंबाई! हा माझ्या रुखवतातला तांब्या!"

शोभनाताई उभ्या. पदर खोचलेला. त्यांनी पडद्याकडे बोट करून मोठ्याने वाचलं, "'चि. सौ. कां. शोभना हिस, विभावरीमावशीकडून सप्रेम भेट.' अहो! पाणी प्यायला पुण्याहून आणलेला माझा तांब्या तिथे कसा गेला? मॉर्निंग वॉकला घेऊन गेला होतात?"

"अगं, बस खाली," राजाभाऊ कुजबुजले. "सरकारी मीटिंग आहे."

"सरकार गेलं उडत! घरात दोन स्टीलचे होते, ते दिसले नाहीत?"

"स्टील शास्त्रात बसत नाही गं!"

आख्खं क्विटनहाइम माना वळवून बघतंय. महापौरबाई म्हणाल्या, "हेर डॉक्टर, ह्या बाई काय म्हणतायत? त्यांना ही लिपी येते?"

श्रीनाथ उभा राहिला. नगरसेवक झाल्यापासूनचं हे त्याचं दुसरं महत्त्वाचं वाक्य. "येते. भांडं त्यांचंच आहे. मावशीने लग्नात दिलेलं. मी पुरलं."

मग त्याने सगळं सांगितलं. सासरे, होकायंत्र, शेषनाग, सुपारी. सांगताना कान असे लाल झाले होते की त्या उजेडात वाचता आलं असतं. सांगून झाल्यावर क्नाप ताडकन उठला. "म्हणजे रविवारी पहाटे तो जो बार झाला..."

"नारळ," श्रीनाथ म्हणाला.

"मी पोलिसांना गोळीबार म्हणून कळवला होता! रविवारी! सार्वजनिक जागेत! विनापरवाना खणलं! ह्यांना समितीवरून काढा!"

श्रीनाथ राजीनामा द्यायला तोंड उघडणार, तर फ्राऊ हुमेल म्हणाल्या, "एक मिनिट. त्या भांड्यात काय काय होतं म्हणालात?"

"धान्य. एक नाणं. चांदीचा साप, जमीन धरून ठेवायला."

"आल्झो," महापौरबाई हळूहळू म्हणाल्या, "हे तर ग्रुंडश्टाइन आहे. पायाचा दगड. आपणही तांब्याची नळी पुरतोच की. आत नाणी, त्या दिवसाचा पेपर. शाळेखाली आहे, अग्निशामक दलाच्या घराखाली आहे. ह्या इमारतीला आपण ते केलं नाही, कारण..." त्या थांबल्या. सगळे थांबले. कारण सगळ्यांनाच माहीत होतं. संडासाखाली नाणी पुरायची लाज वाटली होती.

"ह्या गृहस्थांना वाटली नाही," त्या राजाभाऊंकडे बघून म्हणाल्या.

राजाभाऊंना एक शब्द कळला नव्हता, पण महापौर आपल्याकडे बघून बोलतायत म्हटल्यावर ते उभे राहिले आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीतलं इंग्रजी काढलं. "मॅडम, फाउंडेशन इज ओके. ओन्ली सुपरव्हिजन इज पुअर."

हशा पिकला. फ्राऊ डॉक्टर वेंट तेवढ्या हसल्या नाहीत. बिचारी बाई, तिचा सैनिक गेला ना. पण बाई पक्की. तिथल्या तिथे कागद काढून सही केली. "विभावरीमावशी रोमन नव्हत्या, एवढं माझं खातं मान्य करतं. साइट मोकळी." मग शोभनाताईंजवळ जाऊन विचारलं, ठिपके नेमके कसे पाडतात. शोभनाताईंनी हातवारे करून, भांड्यांच्या दुकानातली मशीन तोंडाने वाजवून दाखवली. टर्रर्रर्र. बाईंनी लिहून घेतलं!

क्नापचंही अगदीच काही वाया गेलं नाही. रविवारी खणल्याबद्दल श्रीनाथला ताकीद द्यावी असा त्याचा ठराव एकमताने पास झाला. एकमताने म्हणजे, श्रीनाथनेही हात वर केला.

पुढच्याच आठवड्यात काँक्रीट पडलं. त्याआधी ग्रुंडश्टाइनचा रीतसर समारंभ झाला, आठवड्याच्या कामाच्या दिवशी, परवानगीसकट. शोभनाताईंनी तांब्या परत द्यायला साफ नकार दिला, म्हणून प्लंबरकडची तांब्याची नळी घेतली. आत नाणी, नाग, आणि नागाच्या कुशीला त्या दिवसाचा पेपर. नारळ महापौरबाईंनी फोडला. तिसऱ्या प्रयत्नात. राजाभाऊ पाठीमागून, "हार्ड, मॅडम, हार्ड!"

आणि मग, पोरांनो, संडास झाला! छतावर फुलं, भिंतीत चिमण्यांची घरटी, आवाज न करणारी हात वाळवायची मशीन. उद्घाटनाला शनिवारचा बाजार भरलेला, अग्निशामक दलाचा बँड, लाल फीत. तोपर्यंत सासू-सासरे पुण्याला परतले होते. शुभाने फोनवर व्हिडिओ लावून त्यांना धरलं होतं. फीत कापली आणि फ्राऊ हुमेल जाहीरपणे म्हणाल्या, "आणि आता आमचे समितीचे अध्यक्ष पहिल्यांदा वापर करतील!"

श्रीनाथला वाटलं, गंमत करतायत. पण बाईंनी दार उघडून धरलं. बँडने मोठ्या थाटात एक सूर लावला. हा आत गेला, दार बंद झालं. आणि बँड थांबला.

अख्खा बाजार गप्प. कोबीवाला गप्प, चीजवाली गप्प. आत श्रीनाथ उभा. तुम्हीच सांगा, दाराबाहेर साडेतीन-चारशे मतदार कान देऊन उभे असताना कोणाला होईल? घाम फुटला. वर फुलं, खाली शेषनाग, मधे हा. बाहेर फोनमधून राजाभाऊंचा आवाज आला, "श्रीनाथराव, फ्लशचं प्रेशर बघा!" त्याने बघितलं. नुसतंच बटण दाबलं. खळ्ळ्ळ्!

टाळ्या! शिट्ट्या! बँड! कोणीतरी "ब्राव्हो" ओरडलं. उर्जा बापाकडे बघून पहिल्यांदाच चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, मस्त!" क्नापसुद्धा नाइलाजाने दोन बोटं आपटत होता. श्रीनाथ दार उघडून हात हलवत बाहेर आला, खोटं बोलून निवडून आल्यासारखा.

गर्दीतून काठीचा आवाज आला. टक, टक, टक. फ्राऊ त्सिमरमान. हातात भाजीची पिशवी, केस छान विंचरलेले. महापौरबाई भाषणाचा कागद उघडत होत्या, त्यांना त्यांनी काठीने बाजूला केलं. पिशवी श्रीनाथच्या हातात दिली.

"धरा ही. आणि सरका. तुमची नाटकं झाली असतील तर मला खरंच जायचंय."

दार लागलं. आणि अख्ख्या चौकाने एकाच वेळी पाठ फिरवली आणि एकमेकांशी हवेबद्दल मोठमोठ्याने बोलायला सुरुवात केली. बँडवाल्यांनी तर कोणी न सांगताच वाजवायला घेतलं, आणि त्या बाहेर येईपर्यंत अजिबात थांबले नाहीत.